पियानोची खांदेमळणी

आषाढ लागला की सांगलीच्या बाजारात हातगाड्यांवर मातीचे बैल येतात. बेंदूर जवळ आल्याची ती वर्दी. शहरात आता खरे बैल कुठले? म्हणून पूजेला मातीची जोडी लागते. लोक येतात, पाय मोडके नाहीत ना ते बघतात, घासाघीस करतात आणि पिशवीत घालून नेतात. मी पाय बघत नाही. मी बैल उचलते आणि त्याच्या शिंगांचा वास घेते. रंग ओला असेल तर जरा जास्तच वेळ घेते. गाडीवाला दरवर्षी वेगळा असतो, पण त्याच्या तोंडावरचा भाव तोच असतो. यंदाचा तर बोललाच, "आवं आजी, खायाचा न्हाई त्यो!"

आता त्याला काय सांगणार, की या वासानं मला पियानो आठवतो म्हणून? पियानो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे झुंबरं येतात, गालिचे येतात, काळा सूट घातलेला सिनेमातला नायक येतो. माझ्या डोळ्यांपुढे वाईतली एक ओलसर खोली येते. तिथं अंगावर झूल घेऊन, शिंगं रंगवून पियानो उभा असतो. त्याला हळद-लोण्याचा वास येत असतो. आणि त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून, कुणालाही जवळ येऊ न देता, यमी उभी असते.

माझे वडील पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत हेडक्लार्क होते. तिथं संगीत शिकवायला मिस डिमेलो होत्या. बुटक्या, ताठ, कायम पांढऱ्या झग्यात. क्लार्कच्या मुलीला पियानो शिकवावा असं त्यांच्या मनात का आलं, कुणास ठाऊक. बहुधा बोर्डिंगच्या मुली सुट्टीला घरी गेल्या की त्यांना ओरडायला कोणीतरी हवं असायचं. त्या माझ्या मनगटावर लिंबू ठेवायच्या. वाजवताना लिंबू पडलं की धडा पहिल्यापासून. पाचगणीच्या धुक्यात मी इतकी लिंबं पाडली की आईला लोणच्याची ददात नव्हती. शेवटी एकदाचं लिंबू पडेनासं झालं, तेव्हा मिस म्हणाल्या, "आता तू शिकव."

शिकव, पण कुणाला? सातारा जिल्ह्यात तेव्हा पियानोवाचून कुणाचं अडलं होतं! दुष्काळ सरून दोनेक पावसाळे झाले होते, लोक विहिरी खणत होते, ऊस लावत होते, पोरांना फौजेत धाडत होते. अशात मला मोठ्या बाई भेटल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, नऊवारी नेसणाऱ्या, आवाज असा की कृष्णेच्या पलीकडच्या काठावरच्या मुलानंही पाटी काढावी. बाकीच्या शाळा 'याला काही यायचं नाही' म्हणून ज्या मुलांना परत धाडत, त्यांच्यासाठी त्यांनी वाईत भाड्याच्या दोन खोल्यांत वर्ग काढला होता. अशा मुलांना तेव्हा लोक जे शब्द सर्रास वापरत, ते आज लिहवत नाहीत. मोठ्या बाई त्यातला एकही शब्द वापरत नसत. त्या नुसतं 'आपली मुलं' म्हणत.

त्याच सुमाराला पाचगणीच्या शाळेनं नवा पियानो घेतला आणि जुना कोपऱ्यात ढकलला. मिसनी शब्द टाकला आणि विश्वस्तांनी तो आमच्या वर्गाला वर्षभरासाठी दिला, तोही अटीवर. वर्षानं येऊन बघणार, मुलं त्यावर काही वाजवत असतील तर राहू देणार. नाहीतर महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला त्याच्यासाठी टपलेलाच होता.

पियानो पसरणीच्या घाटातून खाली आला तो बटाट्याच्या ट्रकमधून. प्रत्येक वळणाला तो आपला आपण वाजायचा. निम्म्या घाटात ड्रायव्हरनं गाडी थांबवली, मागं येऊन ताडपत्री उचलली आणि आत कुणी बसलंय का ते नीट पाहून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तुमी जरा म्होरं बसून कायतरी बोलत ऱ्हावा." उरलेला घाट मी मोठमोठ्यानं बोलत उतरले.

वाईत तो उतरवायला हमालांपेक्षा बघे जास्त. शेजारचे गुरुजी पूजा आटोपून सोवळ्यातच आले. त्यांचा चंदू आमच्या वर्गात होता. गुरुजींनी पियानोभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून पाहिलं, मागं भिंतीच्या फटीत डोकावून पाहिलं.

"पेटीच ना ही?"

"तसलंच म्हणा."

"मग भाता कुठाय?"

"याला भाता नसतो, गुरुजी."

गुरुजींनी माझ्याकडे फार कणवेनं पाहिलं. पोरगी फसली, अर्धीच पेटी हिच्या गळ्यात मारली, असा तो चेहरा होता.

वर्गात मुलं थोडी आणि तऱ्हा अनंत. चंदू एक पट्टी दाबायचा, सूर उमटला की हात जोडायचा आणि म्हणायचा, "स्वाहा." मग दुसरी पट्टी, पुन्हा "स्वाहा." गुरुजींच्या घरात लहानाचा मोठा झालेला, काहीतरी अर्पण केलं की तो शब्द यायचाच. बाळूचे वडील एसटीवर ड्रायव्हर. बाळू पियानोखाली घुसून बसायचा आणि खालचं पेडल त्यानं आपलं मानलं होतं. वर कुणीही वाजवत असो, बाळू आपल्या मनातल्या रस्त्यानं गाडी नेत असायचा. चढ आला की पेडल दाबायचा, थांबा आला की सोडायचा. पाचगणीत शिकलेल्या माझ्या सगळ्या विद्येचा पहिल्या आठवड्यात भुगा झाला. सवयीनं मी एकीच्या मनगटावर लिंबू ठेवलं. तिनं ते उचललं, सालासकट खाल्लं आणि दुसऱ्या लिंबासाठी हात पुढं केला.

ती यमी.

यमी बारा-तेरा वर्षांची, अंगानं दणकट, बोलणं अगदी मोजकं. वाईपासून जवळच्याच खेड्यातली. तिचे वडील फौजेतून सुभेदार होऊन, बंगालकडची लढाई आटोपून पेन्शनीवर आलेले; आता ऊस करत होते. गाव त्यांना नावानं हाक मारत नसे, सुभेदारच म्हणे. त्यांनी पहिल्या दिवशी यमीला हाताला धरून आणलं आणि जे सांगितलं ते मी विसरलेले नाही.

"बाई, खोटं कशाला बोलू. समदी रानात गेली की हिला खांबाला बांधून जावं लागतं. हीर जवळ हाय. दार दिसलं की पळती. एकदा काढलीया पान्यातनं." मग टोपी हातात घेऊन म्हणाले, "फौजेत कैद्याला बी आसं बांदत न्हाई वं."

वर्गातही यमी टिकेना. दार उघडं दिसलं की ती कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर, आणि तिच्यामागं पदर खोचून मोठ्या बाई. असं चाललेलं असताना पियानो आला. तो जुन्या घडणीचा होता. पट्ट्यांच्या वरच्या बाजूला, दोन टोकांना मेणबत्त्या लावायच्या वाकड्या पितळी दांड्या होत्या, बाहेर ओढल्या की पुढं यायच्या. यमीनं त्याला पाहिलं, थेट जाऊन त्यातली एक दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं लाकडावर थोपटलं. मानेवर थोपटतात तसं. पितळेची शिंगं, रुंद छाती, खाली बुटके पाय, आणि पोटातून हुंकार. यमीच्या लेखी हे काय आहे ते तिथंच ठरलं. त्या दिवशी दार सताड उघडं होतं, पण ती गेली नाही.

ती स्टुलावर कधी बसली नाही. बैलाशेजारी कुणी बसतं का? ती उभी राहायची, आधी थोपटायची, मग एक पट्टी दाबायची, आणि तो सूर पुरता विरेपर्यंत थांबायची. पार विरला, आता काहीच ऐकू येत नाही, असं मला वाटल्यावरही ती थांबलेलीच असायची. तिला अजून ऐकू येत असणार. मग दुसरी पट्टी. बरेच दिवस शोधून तिनं दोन पट्ट्या पक्क्या केल्या, एक वरची, एक त्याहून खालची. ते काय होतं ते मला कळलं नाही. कळलं तिच्या बापाला. एकदा तिला न्यायला आलेले सुभेदार दारातच थबकले.

"आवं, ही तर आमच्या चिमण्याची घाट! आन् ही खालची तांबड्याची." चिमण्या आणि तांबड्या ही त्यांची बैलजोडी, आणि घाट म्हणजे गळ्यातली घंटा. "बैलं घरला याला लागली की आशीच वाजत्यात. आगदी तशीच वाजवती की वं ही!"

त्या दिवसापासून सुभेदार रोज लवकर येऊ लागले आणि दाराबाहेर उकिडवे बसून ऐकू लागले. बैल रोज घरी यायचे. कधी दमून सावकाश, कधी वैरणीच्या ओढीनं भराभर. मी तिला त्या दोन सुरांवरून तिसऱ्यावर नेलं, चौथ्यावर नेलं. ती यायची, पण शेवटी बैल गोठ्यात बांधून मगच हात काढायची.

पुढं सांगलीला आल्यावर माझ्याकडे आया यायच्या. त्यांच्या मुलांकडे चपटे, विजेवर चालणारे कीबोर्ड असायचे. "मॅडम, टीव्हीच्या स्पर्धेला किती महिन्यांत उभा राहील?" असं विचारायच्या. मुलं हुशार असायची, बोटं तर अशी पळायची की माझीच मान दुखायची. मी म्हणायचे, "बाळ, त्या सुराचं अजून संपलं नाही." ते माझ्याकडे बघायचं. आई घड्याळाकडे बघायची.

वाईचा पावसाळा पियानोला सोसत नव्हता. लाकूड फुगायचं आणि दाबलेली पट्टी खालीच बसून राहायची. चंदूचा "स्वाहा" होऊन जायचा तरी आहुती वर यायचं नाव घेत नसे. मिसनी निरोप धाडला की आत विजेचा दिवा लावून ठेव. दिवा लावला, तर वीजच जायची. मग मोठ्या बाईंनी सूत्रं हाती घेतली. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर धाबळी, आणि धुरीला ओवा आणि बाळंतशेपा. चाळीस वर्षं इंग्रजी सुरावटी वाजवलेला तो पियानो बाळंतिणीसारखा शेक घेत बसला. गावातल्या दोन बायका येऊन काय झालं म्हणून विचारून गेल्या. पण पट्ट्या उठल्या, हे मान्य केलं पाहिजे.

अशाच एका शेकाच्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं पाचगणीहून निरोप आणला. विश्वस्तसाहेब आणि मिस डिमेलो येत्या शुक्रवारी येणार; वर्ष भरलं होतं. हॉटेलवाल्यानं जागासुद्धा मोकळी करून ठेवली होती म्हणे. मी सुभेदारांना सांगितलं, तसे ते उभेच राहिले.

"म्हंजे इन्स्पेक्शन."

"हो. यमीनं वाजवून दाखवलं की झालं. चंदू, बाळू आहेतच, पण खरं वाजवते ती यमीच."

"आन् न्हाई वाजवलं तर?"

"तर पियानो जाईल."

सुभेदार खोलीच्या कोपऱ्यातल्या लाकडी खांबाकडे बघत म्हणाले, "बाजा गेला की माजी पोरगी परत खांबाला. ती हितं ऱ्हाती ती बाज्यापायी." मग टाचा जुळवून म्हणाले, "तयारी माज्याकडं द्या."

त्या शुक्रवारी बेंदूर होता. पाचगणीत हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मी पाचगणीत वाढलेली, मोठ्या बाई पुस्तकांत. सुभेदारांना ठाऊक होतं, पण साहेबानं दिलेली तारीख बदलते, हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

बेंदूर हा बैलांचा सण. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकायचे, हळद आणि लोणी लावून चोळायचे. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवायची, गोंडे बांधायचे, झूल घालायची, पुरणाची पोळी चारायची. आणि त्या दिवशी बैलाला जू लावायचं नाही. कितीही नडलं तरी नाही. हे सगळं मला नंतर समजलं. म्हणजे फार नंतर नाही, शुक्रवारी सकाळी.

मी वर्गाजवळ पोचले तेव्हा पाऊस थांबला होता आणि पायऱ्यांच्या कडेचे दगड एक पांढरा, एक तांबडा असे झळकत होते. चुना आणि गेरू. उंबरा, पाण्याचा माठ ठेवायची घडवंची, झाडूचा दांडा, सगळं रंगलेलं. फौजेत साहेब येणार म्हटलं की जे हलतं त्याला सलाम करतात आणि जे हलत नाही त्याला रंग देतात, हे सुभेदारांनीच मागं कधीतरी सांगितलं होतं. पियानोच्या स्टुलाचे पायसुद्धा सुटले नव्हते. मी खूश झाले. मग आत गेले.

पियानोच्या अंगावर आरशाच्या टिकल्यांची झूल होती. एक पितळी दांडी हिरवी, दुसरी लालभडक, टोकांना बेगड, आणि दोन्हींना लोकरीचे गोंडे. कपाळावर, म्हणजे जिथं बनवणाऱ्याचं सोनेरी नाव होतं तिथं, कुंकू. दोन्ही खांदे हळद-लोण्यानं माखलेले, आणि ते लोणी शेगडीच्या उबेनं वितळून सावकाश खाली ओघळत होतं. झाकणावर केळीच्या पानात पुरणपोळी. शेजारी यमी, नवं परकर-पोलकं घालून, कोपरापर्यंत पिवळी, आणि इतकी आनंदात की मला ओरडायला तोंड उघडेना.

"सुभेदार, हे काय?"

"तिनंच केलं. काल सांजंला बैलांची खांदमळनी झाली, तर वाडगं घिऊन ही निघाली बाहीर. आलो हिच्यामागं, मोठ्या बाईंकडनं किल्ली घेतली." त्यांचा आवाज जरासा खाली आला. "मला वाटलं, तुमीच सांगितलं आसंल. इन्स्पेक्शन म्हनल्यावर रंगरंगोटी आलीच की वं."

मी ओला फडका घेऊन पुढं झाले. यमी घशातल्या घशात गुरगुरली. तेवढ्यात बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला.

विश्वस्तसाहेब उंच होते, दारात वाकून आत आले आणि वाकलेलेच राहिले. "हे काय, देवघर आहे का?"

"पियानो आहे, साहेब."

"हां... आहे खरा." नीट पाहिल्यावर त्यांना पटलं असावं. पोळीवरच्या माश्यांकडे पाहत ते म्हणाले, "बरं, वाजवा."

मी यमीच्या खांद्यावर हात ठेवला. "यमे, बैलं घरी आण बघू."

यमीनं झाकण दाबून धरलं. "आज न्हाई."

"अगं, साहेब आलेत."

"बेंदूर."

चंदूला पुढं केलं, तर तिनं चंदूलाही मागं सारलं. चंदूनं लांबूनच हात जोडले आणि "स्वाहा" म्हणून आपल्याकडून विषय संपवला. मोठ्या बाईंनी आपला तो प्रसिद्ध आवाज काढला. यमी दोन्ही हात पसरून उभी राहिली. शेवटी सुभेदार गरजले, "यमे! सावधान!" पियानोखाली बसलेला बाळूच ताडकन उठला आणि त्याचं डोकं आपटून आतल्या सगळ्या तारा घुमल्या. यमीनं वळून पियानोला थोपटलं आणि साहेबाला समजावून सांगावं तसं सांगितलं, "आज त्येला काम न्हाई."

एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि त्याच वाक्यानं पियानो हातचा चालला होता.

सुभेदार माझ्याजवळ आले. "बाई, तिचं चुकत न्हाई. बेंदराला जू लावत न्हाईत."

"पण सुभेदार, पियानो जाईल हो."

"व्हय. त्ये बी खरंच हाय." त्यांनी टोपी काढली. लढाईवर जाऊन आलेला तो माणूस, त्याला कुठं बघावं ते कळेना. मला असं वाटलं, चार सूर वाजव गं पोरी, चारच, आणि तुझं सगळं आयुष्य मोकळं राहू दे. आणि तिला तर बैलाची सुट्टी मोडायची नव्हती.

विश्वस्तसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "उपयोग होतोय असं मला तरी दिसत नाही. सोमवारी ट्रक पाठवतो."

मिस डिमेलो साहेबांच्या मागोमाग आत आल्या होत्या. त्या पुढं आल्या. सवयीनंच असेल, त्यांचा हात झाकणाकडे गेला. यमीनं तो हात वरच्या वर धरला. आता ढकलते की काय म्हणून मी धावले. पण ती त्या हाताकडे बघत राहिली. संधिवातानं बोटं वाकडी झालेली, पेरं सुजलेली. तिनं वर मिसच्या तोंडाकडे पाहिलं, मग खांद्यांकडे. एकेकाळी ताठ असलेले ते खांदे आता पुढं वाकले होते.

"काम?" यमीनं विचारलं.

मिसचं मराठी पाचगणीच्या मंडईपुरतं होतं. पण हा शब्द त्यांना येत होता. "काम? हो," त्या म्हणाल्या. "लई काम."

यमीनं त्यांना दंडाला धरून वळवलं, गेरूच्या ओल्या स्टुलावर बसवलं, वाडग्यात बोटं बुडवली आणि मिस डिमेलोंच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर, दोन्ही खांद्यांवर, हळद आणि लोणी थापून चोळायला सुरुवात केली.

 मला तर वाटलं, आता ट्रक सोमवारपर्यंतही थांबत नाही. यमी मन लावून चोळत होती, घट्टा शोधून अंगठ्यानं दाबत होती. मिसचे डोळे मिटले.

"थोडा डावीकडे," मिस म्हणाल्या.

"मिस डिमेलो," विश्वस्तसाहेब म्हणाले, "आपल्याला उशीर—"

मिसनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. ते बोट मला लहानपणापासून माहीत होतं. त्यापुढं बोर्डिंगची मुख्याध्यापिकासुद्धा बोलत नसे. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मी आज सुट्टीवर आहे. उद्या ऐकते."

साहेब पुरणपोळी न खाताच गेले. ती मिसनी खाल्ली.

रात्री मिस मोठ्या बाईंकडे राहिल्या, मोठ्या बाईंचं नऊवारी नेसून. सकाळी त्या तशाच वर्गात आल्या. यमीनं झूल उतरवून घडी घातली, गोंडे सोडले, लाकडाला थोपटलं. मग चिमण्याची घंटा वाजली. ती विरली. तांबड्याची वाजली. बाहेर पावसाची भुरभुर, खाली बाळूची गाडी घाट चढत होती, मधूनच चंदूचा स्वाहा. आणि त्या सगळ्यातून यमीचे बैल एकेक पाऊल टाकत घरी आले. लोण्यानं दोन पट्ट्या चिकटल्या होत्या, तिथं बैल जरा अडखळले, एवढंच. मिसनी पर्स उघडली. आत लिंबू होतं. ते त्या कुठंही बरोबर नेत. त्यांनी यमीच्या मनगटाकडे एकदा पाहिलं आणि लिंबू तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते खाल्लं.

"ही सूर संपेपर्यंत थांबते," मिस मला इंग्रजीत म्हणाल्या. "मी जन्मभर मुलींच्या विनवण्या केल्या यासाठी." मग रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं आणि लगेच मला ओरडल्या, की लोणी कुणी पियानोला लावतं का म्हणून.

सोमवारी ट्रक आला नाही, पुढंही कधी आला नाही. मिसनी साहेबांना काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. हॉटेलवाल्याच्या कानावर मात्र गेलं होतं, की त्या पियानोला शिंगं आहेत आणि मुंग्या लागल्यात. त्यानं परत नाव काढलं नाही. दांड्यांचा रंग काही केल्या निघाला नाही. यमी परत कधी खांबाला बांधली गेली नाही. आणि मिस डिमेलो त्यानंतर, हातपाय चालत होते तोवर, दर बेंदराला एसटीनं खाली यायच्या. जुना झगा घालून यायच्या.

वर्ग पुढं मोठ्या बाईंबरोबर संपला. पियानो आता सुभेदारांच्या घरी आहे, ओसरीवर. सुभेदार नाहीत, यमीचे भाऊ-भावजय तिला नीट सांभाळतात, आणि ती त्यांच्या नातवंडांना. बैलही गेले, ट्रॅक्टर आला. मी दर बेंदराच्या आदल्या दिवशी सांगलीहून जाते. यमीची साठी झाली, केस पांढरे झाले, वाडगं तेच आहे. आधी ट्रॅक्टरच्या मडगार्डला हळद-लोणी, मग पियानोला, मग मला. रांगेत माझा नंबर ट्रॅक्टरनंतर, याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण हात लावण्याआधी ती विचारते, "काम?" मी "हो, लई काम" म्हणते, तेव्हाच बोटं वाडग्यात जातात. उभा असलेला ट्रॅक्टर एका वर्षी तिनं तसाच सोडला होता. वर्षभर नादुरुस्त होता तो.

यंदा माझी पंचाईत होती. दिवाळीपासून मी शिकवणं बंद केलंय. बोटं मिसच्या वळणावर गेलीत. यमीशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही, आणि त्या खांदेमळणीवाचून माझं वर्ष सरत नाही, हेही खरं. शेजारच्या घरी ओवी आहे, आठ वर्षांची. बोलत नाही, दार दिसलं की रस्त्यावर पळते. तिची आई कधीची मागं लागली होती आणि मी म्हणत होते, माझं आता वय झालं. परवा मातीचे बैल घेऊन घरी आले, हाताला रंगाचा वास तसाच होता, आणि तशीच शेजारी गेले. म्हटलं, "उद्यापासून पाठव तिला."

काल पहिला धडा झाला. सवयीनं मी ओवीच्या मनगटावर लिंबू ठेवलं. तिनं ते खाल्लं.

आता बेंदराला मी खुशाल यमीपुढं जाऊन बसणार आहे.